मामाच्या गाडीची चार कुलपे

माझ्या धाकट्या बहिणीला लग्नात हाताला धरून बोहल्यापर्यंत आणण्याचे काम आमच्या एकुलत्या एका मामाचे होते, आणि मुहूर्ताला बावीस मिनिटे उरली असताना मामा स्वतःच्याच गाडीत कुलूपबंद होऊन बसला होता. दार उघडत नव्हते. एक नव्हे, चारही. हे असे का झाले ते नीट समजावे म्हणून मला चार महिने मागे जाणे भाग आहे. मी तेव्हा घाटकोपरच्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवत असे, आणि निरीक्षणाआधी निष्कर्ष सांगणाऱ्या मुलांचे गुण कापत असे. तो नियम स्वतःला लावणे मला प्राप्त आहे.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. नऊ वर्षे तो मस्कतला नोकरीला होता. या नऊ वर्षांत त्याने आम्हाला पुष्कळ गोष्टी पाठवल्या, परंतु स्वतःला एकदाही पाठवले नाही. माझे लग्न सात वर्षांपूर्वी झाले, तेव्हा त्याची मंजूर झालेली रजा ऐनवेळी रद्द झाली. लग्नाच्या आदल्या दिवशी तार आली आणि मामाच्या जागी तळमजल्यावरचे एक काका उभे राहिले. काका भले गृहस्थ. पण त्यांना फुलांचे वावडे होते. मला मांडवात आणताना त्यांनी अकरा शिंका दिल्या. मी मोजल्या, कारण दुसरे काही करण्यासारखे नव्हते. पुढे मामाच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असे: 'मोठीचा हात हुकला, धाकटीचा मीच धरणार.' स्वतःचे लग्न करणे त्याला कधी सुचले नव्हते. त्यामुळे हात धरून मांडवात न्यावे अशा मुली त्याला दोनच, आणि त्यातली एक हातची गेलेली.

बहिणीचे लग्न ठरले तेव्हा मामा नोकरी सोडून कायमचा परत आला आणि येताना आपली गाडी बोटीने घेऊन आला. ती जपानी होती, मोतिया रंगाची होती आणि तिचे स्टिअरिंग डाव्या बाजूला होते. आमच्या सोसायटीच्या फाटकातून ती पहिल्यांदा आत आली तेव्हा उजव्या खिडकीत कोणीच नाही हे पाहून दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी "गाडी आपली आपणच आली गं बाई!" अशी आरोळी ठोकली होती.

या गाडीचे खरे वैभव म्हणजे तिची कुलपे. त्या काळी आपल्याकडच्या गाड्यांना चार दारे असली तर चारदा वाकून चार कुलपे लावावी लागत. मामाच्या गाडीत चालकाच्या दाराला आतून हात टेकवण्यासाठी एक फळी होती. त्या फळीवर एक बटण होते आणि बटणाच्या शेजारी वाटीएवढा एक खळगा. बटण दाबले की चारही दारांच्या काठावरच्या काळ्या खुंट्या एकदम 'टक' करून खाली जात. पुन्हा दाबले की एकदम वर. विजेवर चालणारी कुलपे! पहिल्या दिवशी सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी रांगेने येऊन ते बटण दाबून पाहिले. माझे वडील दोनदा रांगेत उभे राहिले.

त्याच दिवशी आईने गाडीची पूजा केली. नव्या वाहनाला हळदकुंकू लावावे, नारळ वाढवावा, त्याचे पाणी शिंपडावे ही रीत सर्वांच्याच घरी आहे. आईने तिच्यात आपल्या बुद्धीने थोडी भर घातली. ती म्हणाली, "पेटीची पूजा करताना आपण कुलपाची करतो की नाही? मग हिला तर चार-चार कुलपं आहेत." आणि तिने नारळाचे पाणी पळीपळीने चारही दारांच्या किल्लीच्या भोकांत सोडले. चालकाच्या दारात दोन पळ्या. कारण तो तिचा भाऊ.

पाचव्या दिवशी दोष सुरू झाला.

मामा भाजी घेण्यासाठी गाडीतून उतरला, दार लावले, आणि खुंट्या आपोआप खाली गेल्या. किल्ली आत, इंजिन चालू, मामा बाहेर, हातात मेथीच्या दोन जुड्या. पेट्रोल संपून गाडी बंद पडेपर्यंत भाजीवाली त्याला आपल्या पाटावर बसवून घेऊन घोटभर चहा पाजत राहिली. नंतरच्या आठवड्यात विक्रोळीच्या कारखान्यांसमोर, भर हमरस्त्यावर, खुंट्या एका मिनिटात दहा वेळा वर-खाली झाल्या. मागे बसलेल्या वडिलांनी ते डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "झपताल आहे."

यावर घरात जी मते मांडली गेली ती मी जशीच्या तशी नोंदवते. वडिलांचे मत असे, की स्टिअरिंग उलट्या बाजूला असल्यामुळे गाडीला आत आणि बाहेर यांतला फरक कळत नाही. माझ्या नवऱ्याचे मत: तिला फक्त अरबी येते. मामाचे मत हवेकडे झुकत होते. आईला मात्र मताची गरजच नव्हती.

"दृष्ट लागलीय," ती म्हणाली. "साऱ्या सोसायटीनं बटण दाबलंन् ना?"

"अक्का, अगं बटण दाबून दृष्ट लागते होय?" मामा म्हणाला.

"तू नऊ वर्षं नव्हतास इथे. तुला काय ठाऊक इथलं काय लागतं नि काय नाही."

पाडव्याच्या सकाळी तिने मीठमोहरीने गाडीची दृष्ट काढली. आणि दृष्ट काढलीच आहे तर म्हणून एक नारळ वाढवला, आणि पाणी वाया कशाला घालवायचे म्हणून पुन्हा चारही कुलपांना पाजले.

मी मात्र दोनशे पानी वही काढली. तिच्यात रकाने आखले: दिनांक, वेळ, स्थळ, हवामान, गाडीत कोण, कोणत्या खुंट्या, वर की खाली. वही मी मामाकडे सोपवली आणि प्रत्येक प्रसंग त्याच दिवशी लिहिण्याची शिस्त लावली. त्याने ती निष्ठेने पाळली. फक्त हवामानाच्या रकान्यात तो कधी कधी 'अक्का रागात' असे लिही. दोन महिन्यांनी मी ती वही स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडली, शेजारी दिनदर्शिका ठेवली आणि लाल पेन्सिलीने खुणा करू लागले. उन्हाचा संबंध दिसेना. रस्त्याचा दिसेना. गाडीत कोण बसले आहे याचाही दिसेना. माझ्या नवऱ्याला त्याचे फार वाईट वाटले, कारण त्याला आपल्या आत्याबद्दल संशय होता. पण एक गोष्ट पान उलटताच डोळ्यांत भरली. पाडव्यानंतर आठवडाभर दोषाची नुसती झोड. मग हळूहळू कमी. मग एका मंगळवारनंतर पुन्हा झोड. मग एका संकष्टीनंतर.

"आई," मी विचारले, "या मंगळवारी तू काय केलंस?"

"काही नाही गं. त्याच्या गाडीला जरा बरं वाटावं म्हणून नारळ."

"आणि संकष्टीला?"

आईने कढईतले पोहे ढवळायला सुरुवात केली. वास्तविक ते खाली उतरवून झाले होते.

हसू इतके अनावर झाले, की मी पाच मिनिटे टेबलावर डोके टेकून बसले. दोष आला की नारळ, आणि नारळ वाढवला की दोष. औषधच रोग होते, आणि रोग बळावला की आई मात्रा वाढवत होती. नारळाचे पाणी कुलपाच्या भोकातून दाराच्या पोटात उतरत होते, तिथल्या तारांच्या जोडांवर वाळत होते, आणि ज्या दोन तारांनी एकमेकींशी बोलू नये त्यांच्यात संभाषण घडवत होते.

आईची खात्री पटावी म्हणून मी शाळेतला एक प्रयोग घरी करून दाखवला. काडेपेटीत छोटे होकायंत्र ठेवायचे, काडेपेटीवर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे द्यायचे, तारेचे एक टोक बॅटरीतल्या सेलला जोडायचे आणि तिचे दुसरे टोक व सेलच्या दुसऱ्या बाजूने काढलेल्या तारेचे टोक द्रवात बुडवायचे. द्रवातून वीज वाहिली तर होकायंत्राची सुई हलते. मी टोके नारळाच्या पाण्यात बुडवली. सुई हलली.

आईने तत्काळ हात जोडले. "बघ! देव आहे त्यात. हलणारच."

तरीही, भाऊ बहिणीचा लाडका असल्यामुळे, तिने माझे म्हणणे मान्य केले. विक्रोळीच्या एका मेकॅनिकने दारांचे आतले पत्रे काढले तेव्हा चालकाच्या दारातून खोबऱ्याचा आणि हळदीचा असा काही दरवळ सुटला, की तो पान्यासकट मागे सरकला. "शेठ, गाडीत चटणी वाटता काय?" त्याने सगळे पुसून कोरडे केले. शिवाय वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार झाळून टाकली आणि अभिमानाने म्हणाला, "आता फ्यूज जन्मात नाही उडायचा." फ्यूज उडण्यासाठीच असतो, हे मी मुलांना दरवर्षी शिकवत असे. त्या दिवशी मी तिथे उभी होते आणि काही बोलले नाही. लग्न तीन आठवड्यांवर आले होते, डोक्यात याद्या होत्या.

त्या तीन आठवड्यांत वहीत एकही नोंद झाली नाही. मामा दिवसातून दोनदा वही उघडून कोरे पान मला दाखवी आणि मुलाला पैकीच्या पैकी गुण मिळाल्यासारखा हसे.

लग्न मुलुंडला होते. हॉल लहान असल्यामुळे पंगती हॉलमध्ये आणि लग्न समोरच्या पटांगणात मांडव घालून. मुहूर्त अकरा वाजून सतरा मिनिटांचा. सकाळी निघण्यापूर्वी मी सर्वांसमोर नियम वाचून दाखवला: गाडीवर, गाडीच्या कोणत्याही भागावर, नारळाच्या पाण्याचा एक थेंबही पडता कामा नये. नवरी निघताना नारळ तर वाढवायलाच हवा, असे आई म्हणाली. मी म्हटले, वाढव, पण चाकापासून दहा पावलांवर.

आईने माझा नियम तंतोतंत पाळला. तिने दहा पावले मोजली, दगडावर नारळ वाढवला, आणि पाण्याचा थेंबही सांडू न देता सगळे पाणी स्टीलच्या फुलपात्रात धरले. मला खरोखर अभिमान वाटला. मग तिने ते फुलपात्र खिडकीतून मामाच्या हाती दिले. "सांभाळून ने रे. बोहल्यावर शिंपडायचंय." मामाने इकडेतिकडे पाहिले. दाराच्या फळीवर, बटणाशेजारी, तो वाटीएवढा खळगा होता. फुलपात्र त्यात असे काही नेमके बसले, की जणू जपानी माणसाने तेच डोळ्यांसमोर ठेवून खळगा केला असावा.

मी हे पाहिले नाही. गाडीत मी नेहमी पुढे उजवीकडे बसे, आणि डावीकडून चालवणाऱ्या मामाला पुढचे दिसत नसल्यामुळे उजव्या बाजूने "ये, ये, थांब, ट्रक, आता जा" असे सांगत राहणे हे माझे काम होते. शिवाय डिकीत लाडवांच्या डब्यांना जागा व्हावी म्हणून हत्यारांची पेटी घरी काढून ठेवायचे मीच यादीत लिहिले होते. माझा नियम फक्त गाडीच्या बाहेरच्या बाजूचा विचार करत होता. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने प्रश्नातली फट आधी शोधावी, असे मी नव्या शिक्षिकांना नेहमी सांगत आले आहे.

भांडुपला एक प्रशस्त खड्डा आला. मामा म्हणाला, "अरेच्चा!" मी म्हटले, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही, तू ट्रक बघ."

आम्ही मांडवापाशी उतरलो तोवर सारे ठीक होते. मी उतरले, आई उतरली, बहीण मुंडावळ्या सावरत उतरली. मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री ती नेसली होती आणि त्याच्याकडे पाहून म्हणाली, "मामा, गौरीहर झाला की बोलावते हं. कुठे जाऊ नकोस."

"मी? आता मला कोण नेतंय?" मामा म्हणाला आणि गाडी पटांगणाच्या टोकाला गुलमोहराखाली लावून, बोलावणे येईपर्यंत तिथेच सावलीत गाडीत बसून राहिला.

पाऊण तासाने हॉर्न ऐकू येऊ लागला. दोन लहान, एक लांब. दोन लहान, एक लांब. वरपित्यांना वाटले, आमच्याकडची ही स्वागताची पद्धत असावी. त्यांनी गुलमोहराच्या दिशेने विनयाने नमस्कार केला. मी मात्र पदर खोचून धावले, कारण तो हॉर्न मी ओळखत होते.

मामाने खिडकीची काच खाली केली होती. काचा सुदैवाने हाताने फिरवायच्या होत्या. "वहीत लिही," तो म्हणाला. "दहा वाजून पंचावन्न. चारही. खाली."

"खुंटी वर उचल."

त्याने उचलली. टक. खाली. पुन्हा उचलली. टक. मी त्याच्याकडून किल्ली घेऊन बाहेरून फिरवली. खुंटी वर आली, आम्ही दोघे हसलो, टक. आत ओले फुलपात्र रिकामे पडले होते आणि फळीच्या बटणातून नारळाचे पाणी थेंबथेंब आत झिरपत होते. फ्यूज, अर्थात, उडत नव्हता. बॅटरीची तार सोडवणे हा खरा उपाय होता, आणि त्यासाठी लागणारा दहा नंबरचा पाना घाटकोपरला, हत्यारांच्या पेटीत, माझ्या यादीनुसार व्यवस्थित ठेवलेला होता. माझा नवरा रिक्षा पकडून जवळच्या गॅरेजकडे सुटला.

मांडवात बातमी पसरली आणि लग्नातले निम्मे लोक गाडीभोवती जमले. नवऱ्या मुलाकडचे चार दणकट तरुण पुढे झाले. "मामा, खिडकीतनं या, आम्ही झेलतो!"

"अरे, झब्बा चुरगळेल!"

"झब्ब्याचं सोडा हो, हात द्या!"

डोके आले, खांदे आले, रेशमी झब्ब्याचा वरचा अर्धा भाग आला, आणि मस्कतची नऊ वर्षे जिथे साठली होती तिथे मामा थांबला. तरुणांनी ओढले. गाडी स्प्रिंगवर डोलली, मामा नाही. "आता मागे ढकला, मागे!" तो ओरडला. त्यांनी त्याला परत आत घातले. आमच्या वडिलांनी खिडकीची रुंदी वितीने मोजली, मग मामाचा घेर नजरेने मोजला आणि मान हलवली.

अकरा वाजून चार मिनिटे झाली होती. भटजी मांडवातून ओरडले, "मुलीचे मामा कुठे आहेत? बोलवा!"

तेवढ्यात तळमजल्यावरचे काका गर्दीतून पुढे आले. तेच, माझ्या लग्नातले. त्यांनी टोपी सरळ केली, खिशातून मोठा रुमाल काढून हातात घेतला आणि म्हणाले, "काळजी करू नका. मी आहे ना. मागच्या वेळीही—" आणि गाडीवरच्या हारांकडे पाहून ते शिंकले.

मी मामाकडे पाहिले. त्याने झब्ब्याची कॉलर सारखी केली, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि काचेतून समोर मांडवाकडे पाहत राहिला. नऊ वर्षे जो माणूस लांबून पाहत होता, तो आता पन्नास पावलांवरून पाहणार होता.

"अक्का, उशीर नको," मामा म्हणाला. "मुहूर्त टळायला नको. काकांना सांग."

"मेल्या, गप्प बस," आई म्हणाली. फुलपात्राकडे तिने एकदाच पाहिले. मला वाटते, प्रयोगातली सुई का हलली ते तिला त्या क्षणी कळले.

तोवर बहीण गौरीहरावरून उठून स्वतःच पटांगणात आली होती. मागून दोन मावश्या "अगं, नवरीनं असं फिरू नये!" म्हणत होत्या. ती सरळ गाडीपाशी आली.

"मामा, गाडी चालू होते का?"

"गाडीला काय धाड भरलीय? दारांचंच आहे."

"मग डावा हात बाहेर काढ."

एक क्षण कोणालाच उमगले नाही. मग मला उमगले, आणि विज्ञानाच्या शिक्षिकेला न शोभेल अशी किंचाळी माझ्या तोंडून बाहेर पडली. स्टिअरिंग डावीकडे! खिडकी डावीकडे! आणि मामाने धरायचा असतो मुलीचा उजवा हात, तो नेमका त्या खिडकीशी येणार! मस्कतच्या गाडीला गिअर बदलावे लागत नव्हते, नुसता ब्रेक सोडला की ती माणसाच्या चालीने पुढे सरके. जी गोष्ट रस्त्यावर रोज आमचे प्राण कंठाशी आणत होती ती जणू याच पन्नास पावलांसाठी घडवली होती.

मी भटजींकडे धावले. माझे म्हणणे त्यांनी डोळे बारीक करून ऐकून घेतले. घड्याळ पाहिले. गाडी पाहिली.

"मामानं आणावी, असं आहे," ते म्हणाले. "पायी आणावी असं कुठे आहे? आणा! आणि मांडवाच्या खांबाला धक्का लागला तर दक्षिणेचं आपण वेगळं बोलू."

मग वरात निघाली. पुढे वडील, दोन्ही हातांनी लोकांना बाजूला सारत. मग मोतिया रंगाची गाडी, चारही खुंट्या खाली. खिडकीतून बाहेर आलेला मामाचा हात, त्या हातात बहिणीचा हात, आणि शेजारून पिवळ्या अष्टपुत्रीत चालणारी ती, ओठ घट्ट मिटून, कारण हसू आले असते तर मुंडावळ्या सुटल्या असत्या. सनईवाल्याने एवढे मोठे डोळे करून वाजवले, की सूर एक पट्टी वर गेला. उजव्या बाजूने मी धावत होते. "ये, ये, थांब, सतरंजी, आता जा, हळू, खुर्ची, खुर्ची!" कोणीतरी खुर्ची उचलली, खुर्चीत एक आजोबा होते, तेही उचलले गेले.

गाडी अंतरपाटापासून चार हातांवर थांबली. अकरा वाजून चौदा.

नियमाप्रमाणे मामाने मुलीच्या मागे उभे राहायचे असते. मामा मागे होता, बसलेला होता, आणि त्याच्या पुढे बॉनेट होते. मंगलाष्टके सुरू झाली. दर 'सावधान'ला लोकांनी टाकलेल्या अक्षता बॉनेटवर टपटप पडत होत्या, आणि आत मामा दर कडव्याला खुंटी उचलून पाहत होता. सावधान, टक. सावधान, टक. अंतरपाट दूर झाला, हार पडले, टाळ्या वाजल्या. मामाने हॉर्न दिला. दोन लहान, एक लांब. या वेळी वरपक्षाने त्याला टाळ्यांनी उत्तर दिले. काका रुमालात शिंकत, हसत, डोळे पुसत होते, आणि त्यातले काय फुलांमुळे हे ठरवणे अशक्य होते.

पुढच्या विधींसाठी जागा हवी म्हणून भटजींनी गाडी मागे घ्यायला सांगितली. मामाने आरशात पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मी घामाने निथळत होते, पैठणीचा पदर अजून खोचलेलाच होता, आणि पायांतले एक जोडवे कुठेतरी सतरंजीवर पडले होते.

"ये इकडे," तो म्हणाला.

"कशाला? मागे ट्रक नाहीये."

"हात दे गं. तुझा राहिलाय."

मी म्हटले, "मामा, सात वर्षं झाली. आणि गाडी उलटी जाणार आहे."

"मग तूही उलटी चाल."

लग्नात मामाने मुलीचा उजवा हात धरायचा असतो. उलट्या जाणाऱ्या गाडीसोबत जायच्या दिशेला तोंड करून चालायचे तर त्याच्या हातात माझा डावा हात आला असता. ते मला पटेना. मी गाडीच्या डाव्या अंगाला गेले, मांडवाकडे तोंड केले, उजवा हात त्याच्या हातात दिला आणि पाठीमागे पावले टाकू लागले. त्याचा हात नारळाच्या पाण्याने चिकट झाला होता. समोर आई तोंडाला पदर लावून उभी होती, बहीण आणि तिचा नवा नवरा हार सावरत हसत होते, आणि मला मागचे काहीच दिसत नव्हते.

"डावीकडे!" माझ्या पाठीमागून फाटकाच्या बाजूने ओळखीचा आवाज आला. माझा नवरा परत आला होता. मान वळवली तर त्याच्या एका हातात पाना होता, आणि दुसऱ्या हाताने तो मला वाट दाखवत होता. "ये, ये, थांब, खड्डा! आता ये!"